आवाज तात्यांचा, गाऱ्हाणं माझं

माझ्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन माझं पाठांतर होईपर्यंत थांबलं होतं.

हे कोणाला खरं वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी तात्यांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) घशात बॅटरी मारून पाहिली, रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि स्वच्छ सांगितलं, "गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही." आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. आणि ज्यांच्या घशाबद्दल हे सगळं चाललं होतं ते तात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सव्वीस जानेवारी होव दे. मगे बघूया."

"सव्वीस जानेवारीला काय आहे? परेडला जायचंय?"

"चाळीची पूजा हा. गाऱ्हाणां घालूचा हा."

डॉक्टर घाटावरचे असावेत. "काय गाऱ्हाणं आहे ते इथेच सांगा ना," असं म्हणून ते कागद पुढे ओढायला लागले! मग मीच त्यांना समजावलं. आम्हा कोकणातल्या लोकांचं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांच्या वतीने एकाने उभं राहायचं आणि देवाशी मोठ्याने बोलायचं. हे दे, ते टाळ, चुकलंमाकलं पदरात घे. बोलणारा एकेक वाक्य टाकतो आणि बाकीचे एका दमात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" बोलणाऱ्याने काय म्हटलं ते ऐकायची गरज नसते. तो श्वास घ्यायला थांबला की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, एवढं आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. (ही गोष्ट लक्षात ठेवा. माझी वाट तिनेच लावली.)

आमची चाळ घाटकोपरच्या टेकडीवर, आणि टेकडीवरचं गाऱ्हाणं तात्यांचं. त्यांची सगळी नोकरी मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, गेली. शेकडो साचे एकदम खडखडत असताना माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही, त्यामुळे तिथली माणसं हातांच्या खुणांनी बोलायची. एकटे तात्या तोंडाने बोलायचे आणि ते ऐकू जायचं! ते पूजेत गाऱ्हाणं घालायचे तेव्हा खाली बाजारातले भाजीवाले 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, असं गोपाळकाका शपथेवर सांगायचे. गोपाळकाका म्हणजे तात्यांच्या शेजारच्या साच्यावरचे जोडीदार आणि चाळीत समोरच्या खोलीतले. त्यांना स्वतःला गाऱ्हाणं येत नव्हतं. त्यांना फक्त 'व्हय म्हाराजा' येत होतं, पण ते फार जोरात यायचं.

मग संप झाला आणि मिल गेली ती गेलीच. पगार गेला, भोंगा गेला, पहाटे डबा घेऊन निघायचं कारण गेलं. तात्यांकडे स्वतःचं म्हणावं असं काय उरलं होतं, तर तो आवाज. आता डॉक्टर तोही मागत होते. मला तेव्हा देवाचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

तात्यांनी डॉक्टरांना अट घातली. "मान आमच्या घराचो हा. माझो आवाज गेलो तर देवाक सांगतलो कोण? आधी झिलाक गाऱ्हाणां घालूक येव दे. मगे कापा काय कापूचा तां."

झील म्हणजे मी. सूर्यकांत ऊर्फ सुर्या. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला, लग्न झालेला, मिशी असलेला. जन्म घाटकोपरचा, शाळा म्युनिसिपालिटीची. मालवणी समजायची सगळी, पण बोलायला गेलो की गावाकडची पोरं पोट धरून हसायची. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाठ तात्यांच्या घशात नसून बाजूच्या खुर्चीवर बसली आहे!

"अठ्ठावीस जानेवारीला ॲडमिट व्हा," ते म्हणाले. "त्याच्यापुढे मी थांबणार नाही आणि गाठही थांबणार नाही."

घरी आल्याबरोबर शिकवणी सुरू झाली. तात्या खाटेवर, मी देवाच्या फळीसमोर हात जोडून उभा. मी वही काढली तर त्यांनी ती हिसकावून घेतली. "कागद बघून देवाशी बोलतलंस? आवशीशी बोलताना कागद घेतंस?"

"आईशी बोलताना मधेमधे 'म्हाराजा' म्हणावं लागत नाही ओ, तात्या."

"म्हणान बघ," आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "बरा वाटात माका."

मी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून कुसुममावशी ओरडल्या. त्या तिकडे बोंबील तळत होत्या.

"मावशी, मी शिकतोय!"

"शिक बाबा, शिक! तेल तापलंय माझं!"

अशी आमची शाळा. मी एक वाक्य म्हणायचो, पलीकडून 'व्हय' यायचा, मी दचकायचो आणि पुढचं वाक्य डोक्यातून साफ जायचं. तात्यांना डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली, म्हणून चूक झाली की ते साचेखात्यातली खूण करायचे. दोन हातांची दोन बोटं एकमेकांत अडकवायची आणि झटक्याने सोडायची. धागा तुटला! साच्यावरचा धागा तुटला की तिथे ही खूण व्हायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी एवढे धागे तोडले, की तेवढ्यात चाळीला चादरी झाल्या असत्या.

लहान पोराला काही आलं नाही तर लोक म्हणतात, येईल हळूहळू. मिशीवाल्याला कोणी असं म्हणत नाही. लेथवर मला कोणी उस्ताद म्हणत नसलं तरी माझ्या हाताखाली दोन माणसं होती. आणि इथे संध्याकाळी घरी यायचं, पाय धुवायचे आणि आईबाप, बायको आणि पार्टिशन यांच्यासमोर गाढव ठरायचं. लाज वाटायची हो, खरंच वाटायची. त्यात बायको नंदा. ती धीर द्यायला गेली की अजूनच खचायला व्हायचं. "होईल हो," ती म्हणायची, "लग्नात तुम्ही एका ओळीचा उखाणासुद्धा अर्धा विसरला होतात. तरी झालंच ना लग्न?"

आईचं निराळंच. ती काही शिकवायची नाही, फक्त ताटात भात वाढताना एकच वाक्य बोलायची. "सुर्या, तुझ्या जिभेर बापाशीचो जीव टांगलेलो हा रे." हे ऐकल्यावर भात गिळून दाखवा!

मी वर्कशॉपमध्ये सराव सुरू केला. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? मी लेथ फिरवत मोठमोठ्याने, "इडापिडा दूर कर म्हाराजा! सुख-समाधान दी म्हाराजा!" बाजूच्या मशीनवरचा यादव दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या मशीनला उदबत्ती लावली आणि फोरमनला जाऊन सांगितलं, "सुर्या भाई को कुछ लग गया है." फोरमनने मला अर्धा दिवस सुट्टी दिली आणि लिंबू दिलं.

आणि एवढं सगळं चाललेलं असताना तात्यांचा आवाज रोज थोडा थोडा जात होता. आधी घोगरा, मग फाटका, मग नुसती हवा. माझं एक वाक्य पक्कं व्हायचं तोवर त्यांचे दोन शब्द कमी झालेले असायचे. एका संध्याकाळी मी चिडून म्हणालो, "तात्या, मला नाही जमणार. तुम्ही गुपचूप ऑपरेशन करून या. देव काय रागावणार नाही."

त्यांनी मला खाटेवर जवळ बसवलं. मग बंदी मोडून म्हणाले, "माका भय वाटता, सुर्या. थोडे दिवस शिक मा."

तेव्हा कळलं. त्यांना मानाची पडली होती ती होतीच, पण माझं शिकणं चालू होतं तोवर ते घरात होते. मी त्या दिवसापासून कुरकुर केली नाही. आलं मात्र तरीही काही नाही.

सव्वीस जानेवारी उजाडला. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, केळीचे खांब, प्रसादाच्या शिऱ्याचा वास. भटजींनी पूजा आटोपली. तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर, गळ्याला मफलर. त्यांच्या बाजूला आई, तिच्या बाजूला नंदा, मागे अख्खी टेकडी. मी नारळ घेऊन उभा राहिलो, आणि मंडळाच्या पोरांनी माझ्या तोंडासमोर माईक आणून ठेवला.

तात्यांनी जन्मात माईक घेतला नव्हता. "माझं काय अडलंय माईकवाचून?" मी म्हणालो. ते माईकवरून चारी कर्ण्यांतून सगळ्या टेकडीला ऐकू गेलं.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

अजून सुरुवातच केली नव्हती! लोक हसले. माझ्या हातातला नारळ घामाने निसटायला लागला. मी डोळे मिटले आणि सुटलो. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या, बारा वाडीच्या, बारा वाटेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झकास चाललं होतं. एवढं झकास, की मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. माझ्या आवाजात तात्यांचा आवाज मिसळतोय की काय असंही वाटलं. तिथेच घात झाला. गाऱ्हाण्याचे दोन भाग असतात. आधी वाईट ते 'दूर कर', मग चांगलं ते 'दी'. माझा रूळ बदलला आणि मला पत्ता नाही!

"जा काय सुख-समाधान असात, तां दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लेकरांची बुद्धी दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हातात काम असात, तां दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" समोर निम्मी माणसं मिलमधून घरी बसलेली. सगळ्यात जोरात गोपाळकाका. तात्यांबरोबर त्यांचंही काम गेलेलं!

मी डोळे उघडले. समोर तात्या दोन बोटं अडकवून सोडत होते, अडकवून सोडत होते. धागा, धागा, धागा! मला कळलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना. घाबरून मी पुढचं सगळं एका दमात ओतलं. "आजार, भांडणां, कटकटी घराघरात भरभरून दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खालच्या चाळीतूनही आला. कर्णे तिकडेपर्यंत पोचत होते.

"अगो बाये, ह्यो काय मागता?" कुसुममावशींनी कपाळावर हात मारला. (म्हणजे तात्या सोडले तर एवढ्या माणसांत ऐकत फक्त त्या होत्या.) तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता केलेलं परत कसं घ्यायचं? गाऱ्हाण्यात परत घ्यायची सोय नसते. ती तात्यांनी शिकवलीच नव्हती!

"चुकलां म्हाराजा!" मी म्हणालो.

"व्हय म्हाराजा!"

"तसं नाही, उलटं म्हणायचं होतं!"

"व्हय म्हाराजा!"

"अरे थांबा ना! व्हय म्हणू नका!"

"व्हय म्हाराजा!"

"मला काही येत नाही!"

"व्हय म्हाराजा!!" हा सगळ्यात मोठा होता. हा अगदी मनापासून आला.

मला रडू फुटलं. मिशीवाला माणूस, हातात नारळ, समोर माईक, आणि चारी कर्ण्यांतून टेकडीभर माझं नाक ओढल्याचा आवाज! परवा अठ्ठावीस तारीख. तात्यांनी एक काम सांगितलं होतं, आणि मी सगळ्या चाळीला आजार मागून बसलो होतो. आता ते ऑपरेशनला नाही म्हणणार. म्हणणारच. मला ना मालवणी सुचेना ना धड मराठी. तोंडाला आलं ते बोललो.

"महाराजा, माझ्या बापाला वाचव."

या वेळी लगेच कोणी ओरडलं नाही. लोक पहिल्यांदाच ऐकत होते. मग हळू आवाजात, कुठून कुठून, "व्हय म्हाराजा" आलं.

"त्यांचा आवाज हवा असेल तर घे. घेऊन टाक. पण माणूस आमच्याकडे ठेव."

ह्याला व्हय म्हणणार कोण? गोपाळकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आईने पदराचा बोळा तोंडात धरला. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. व्हय मिळाल्याशिवाय मागणं देवाकडे पोचत नाही.

मग पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. तात्या उभे राहिले. मफलर सोडला, मान वर केली, आणि फाटक्या, खरखरत्या, हवेनेच भरलेल्या आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा."

माईक त्यांच्यापासून लांब होता. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या बापाचा आवाज देवासमोर शेवटचा ऐकू आला तो असा, माझ्या चुकीच्या गाऱ्हाण्यावर होकार भरताना. मी नारळ फोडला. तोसुद्धा तिसऱ्या फटक्याला फुटला.

अठ्ठावीसला तात्या स्वतः पिशवी घेऊन निघाले. चाळीच्या तोंडाशी थांबून माझ्या कानाशी लागले, "चुकलंस. पण आयकल्यान तेना." देवाने ऐकलं म्हणे. मला खात्री नव्हती. मी रिक्षात त्यांचा हात धरून बसलो आणि सगळ्या रस्त्याने वाटत होतं, देवाने ऐकलं असेल तर नेमकं कुठलं ऐकलं?

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर गळ्याला भोक, नाकात नळी, असा तो माणूस माझ्याकडे बघून दोन बोटं वर करतो काय, अडकवतो काय आणि सोडतो काय! धागा तुटला! मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. त्या हसण्याला आवाज नव्हता. नर्सने मला झापलं, पेशंटला हसवता कशाला म्हणून. मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडलो.

तात्या त्यानंतर बरीच वर्षं जगले. मिल उघडली नाही, आवाज परत आला नाही, पण जेवले, फिरले, पत्ते खेळले आणि पत्त्यांत खुणा करून चोरी केली. घर चाललं लेथवर आणि आईच्या पापडांवर. चांगले दिवस होते असं मी म्हणणार नाही.

माझे तर नव्हतेच. नळावर बाया भांडल्या की वरच्या मजल्यावरून हाक यायची, "सुर्या, ही घे तुझी भांडणां, भरभरून!" कोणाचा पोरगा दहावीला आपटला की त्याची आई मार्कशीट घेऊन माझ्या दारात. "बुद्धी दूर कर म्हणालेला ना तू? झाली बघ दूर!" कोणाला ताप आला तरी डॉक्टरच्या आधी माझं नाव निघायचं.

म्हणून पुढच्या वर्षी मी गाऱ्हाणं घोटून घोटून पाठ केलं. एकही धागा तुटू देणार नव्हतो. पूजेच्या आदल्या दिवशी गोपाळकाका आले आणि दारातच उभे राहिले.

"गेल्या वर्षीसारख्याच घालूचा. जसाच्या तसा."

"काका, ते चुकीचं होतं!"

"चुकीचा घातलंस म्हणान तात्या जितो हा. यंदा बरोबर घालून माणूस मारतलंस काय?"

चाळ त्यांच्या बाजूची. आई त्यांच्या बाजूची. नंदासुद्धा! तात्या खाटेवर बसून खांदे हलवत होते. तेव्हापासून आमच्या टेकडीवर गाऱ्हाणं त्या चुकीसकट घालायचं ठरलं. सुख आधी दूर करायचं, कटकटी भरभरून मागायच्या, मग 'चुकलां म्हाराजा', मग 'मला काही येत नाही', सगळं त्याच क्रमाने, आणि मग खरं मागणं. मी ते रात्रभर म्हणून म्हणून पाठ केलं, आणि माईकसमोर उभा राहिल्यावर तोंडातून काय निघालं? "इडापिडा दूर कर, सुख-समाधान दी!" सगळं बरोबर! मांडवात हाहाकार! पहिल्या रांगेतून दोन बोटं वर. धागा तुटला!

तात्यांना जाऊनही आता वर्षं लोटली. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची गोपाळकाका रिकामी ठेवतात आणि बाजूच्या खुर्चीवर बसून ती खूण आता ते करतात. दर वर्षी करावी लागते. कारण ज्या दिवशी मला बरोबर बोलायचं होतं त्या दिवशी जी चूक न शिकता, अख्ख्या टेकडीसमोर, कर्ण्यावरून आली, तीच एक चूक मी तेव्हापासून शिकतोय, आणि ती मला अजून एकदाही धड करता आलेली नाही!